कांडीराव कोण होता

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही कधी सांगितली नाही. ती आता नाही, आणि सांगायची राहून गेली. म्हणून तुम्हाला सांगतो.

सोलापुरातल्या एका दैनिकात सत्तरच्या दशकात माझी चित्रपट्टी यायची. तिचा नायक कांडीराव, गिरणीतला कामगार. पट्टीत एकही शब्द नसायचा. कांडीराव फक्त हातांनी बोलायचा. लोकांना त्याचं फार कौतुक होतं. कुठून सुचला, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, मनातून. परवा जुन्या पट्ट्यांचं पुस्तक काढणारा एक मुलगा आला, त्यानं कानाशी येऊन तेच विचारलं, त्यालाही हेच म्हणालो. तो गेल्यावर — काय सांगू — हातातला चहा तसाच गार झाला.

कांडीरावचे हात माझ्या वडिलांचे होते.

अण्णा गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलत. अण्णांना ती सवय घरीही सुटली नव्हती. भूक लागली, पाऊस येतोय, शेजारीण कान देऊन ऐकतेय — सगळं हातांनी. एक खूण त्यांची खास होती. दोन्ही हातांच्या चिमटी जवळ आणून गाठ मारल्यासारखं करायचं. तुटलेला धागा जोडला, आता काळजी नाही. मी मॅट्रिकला नापास झालो तेव्हा त्यांनी तेवढंच केलं होतं. आईला त्यातल्या निम्म्या खुणा कळत. मला सगळ्या कळायच्या. मी चित्रं शिकलो ती त्या हातांकडे बघून — हे तरी मी कधी कुणाला सांगितलं?

एके दुपारी मी सायकलवरून कंबर तलावाकडून चाललो होतो. झाडाखाली अण्णा बसलेले. खांद्यावर पंचा, शेजारी डबा. सकाळी गिरणीच्या भोंग्याला कामावर गेलेला माणूस तलावावर काय करतोय? मी आडोशाला थांबलो. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला तेव्हाच त्यांनी डबा उघडला. घाईघाईनं जेवू लागले. दुसरा भोंगा झाला, तशी अर्धी भाकरी डब्यात टाकून झाकण लावलं आणि उठून उभे राहिले. मग जायला कुठंच नाही हे आठवल्यासारखे — पुन्हा खाली बसले.

त्यांना कामावरून कमी केलं होतं. घरात कुणाला माहीत नव्हतं. आई रोज डबा भरत होती.

मी पुढे गेलो असतो, शेजारी बसलो असतो, तर? गेलो नाही. त्या आठवड्याची पट्टी संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि विषय सुचत नव्हता.

काढली. तलाव, भोंगा, अर्धी भाकरी, सगळं. शेवटच्या चौकटीत तलावाकाठच्या बागेचा माळी खुणेनं विचारतो, इथं काय करतोस? आणि कांडीराव चिमटी जुळवून गाठ मारतो. काढताना मी हसलो — हेही लपवत नाही. पट्टी चांगली झाली होती.

छापून आली त्या संध्याकाळी मी अण्णांबरोबर नाक्यावरच्या हॉटेलापुढून येत होतो. आतून कुणीतरी ओरडलं, "काय कांडीराव, आज कंची पाळी? तळ्यावरची व्हय?" बाकडी हसली. निम्मे गिरणीतलेच होते, ती खूण कुणाची हे त्यांना कळणारच. एकानं अण्णांच्या हातात पेपर दिला.

अण्णांना वाचता येत नव्हतं. पण माझ्या पट्टीत वाचायला होतंच काय?

तो पेपर घेऊनच ते घरी आले. आई चुलीपुढे होती. त्यांनी पेपर माझ्यासमोर धरला, कांडीरावावर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताचा पंजा उलटा करून विचारलं — कोण?

मी मोठ्यानं म्हणालो, "कुणी नाही, अण्णा. मनातून काढलाय."

आईनं मान वर केली. तिनं पेपर पाहिला, मग कोपऱ्यातला डबा पाहिला. अण्णांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "बरं हाय की रं चित्र." तोंडानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. आईनं सवयीनं डबा भरला होता. अण्णा अंथरुणातून उठले नाहीत. दुपारी तिनं डब्यातलं ताटात काढलं, आणि त्यांनी ते खाल्लं. त्यानंतर घरात ते हातांनी बोलले नाहीत. बसले की हात काखेत घालून बसायचे. फार कमी बोलायचे.

आणि मी पट्टी थांबवली का? नाही. ती पुढे कित्येक वर्षं चालली, अण्णा गेल्यानंतरही. लोक म्हणायचे, हात काय जिवंत काढता हो.

आता माझे कान गेलेत. सून, नातवंडं कानाशी येऊन ओरडतात, मग कंटाळून आपापसात बोलू लागतात. मी त्यांच्या हातांकडे बघत बसतो. ते हात काहीच बोलत नाहीत. कधी दुपारी एकटा असलो की चिमटी जुळवून बघतो. गाठ बसत नाही. ती खूण माझ्या हातावर परकी वाटते.

आवाज न करता बोलणारं एकच माणूस मला मिळालं होतं. त्यानं मला शेवटचं काही हातांनी विचारलं, ते एवढंच — कोण?

तुम्ही, अण्णा. तुम्हीच होता.