जानरावभाऊंची दहावी सवारी

जानरावभाऊंकडे जीप भाड्यानं मागायला गेलं, की ते आधी एक वही पुढे करायचे. पाणी नंतर, भाडं त्याच्याही नंतर. गाडीच्या विम्याचा कागद इंग्रजीत, तो कोणाला कळणार? म्हणून त्यांनी एका मास्तरांकडून तो वहीत मराठीत उतरवून घेतला होता. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, वाचलं समजा." भाऊ म्हणायचे, "समजा कायले? वाचाच. मंग नाही म्हना. न वाचता नाही म्हनाचं नाही."

तेव्हा कापसाला भाव नव्हता आणि आमच्या दारव्ह्यात जो तो हात आखडून होता. बाकीचे लोक पांढऱ्या नंबरपाटीची घरगुती जीप स्वस्तात द्यायचे. तिच्यात बसणाऱ्यांचा विमा नसायचा. जानरावभाऊंची पाटी पिवळी, म्हणजे भाड्याच्या गाडीची, प्रवाशांचा विमा धरून, म्हणून भाडं जास्त.

माझ्या वंदनाचं लग्न आर्णीला ठरलं. तिचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या थोरल्या दिरांनी, भाऊजींनी, पांढऱ्या पाटीची जीप बोलून ठेवली होती. पण मला मेलीला चौकशीची खोड! गेले जानरावभाऊंकडे. मी शाळेत गेलेली नाही बरं का, पोरांच्या पाटीवरून अक्षरं शिकले. बोट ठेवून ठेवून ती वही वाचायला मला अर्धा तास लागला. भाऊ समोर बसून होते. मी वाचते आहे आणि पुरुष माणूस थांबला आहे, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी लिहिलं होतं : चालक सोडून नऊ माणसं. मी म्हटलं, "हीच गाडी."

भाऊजी भडकले. "लग्नाले चाललो का मसनात? शुभ कामात मरनाचा कागद कायले वाचतं?"

"वाचल्यानं कोनी मरत नाही, भाऊजी." म्हटलं खरं; पण लग्नापर्यंत घरात टोमणे काही थांबले नाहीत.

लग्नाच्या सकाळी बाकीचे पाहुणे एस.टी.नं पुढे गेले. जीपमध्ये नवरी, मी आणि मानाची माणसं. मोजलं तर दहा! जानरावभाऊंनी किल्ली काढून खिशात टाकली.

"एक जन उतरा."

"एकानं काय होते, जानराव?" भाऊजी म्हणाले.

"दहावा बसला का विमावाले भानगड काढतात. मंग नवाचंही काही खरं नाही."

मामा उतरला तर त्याचा मान जाणार, आत्याबाई उतरल्या तर वर्षभर अबोला. कोणी हलेना. शेवटी मीच उतरले. वंदना रडायला लागली. भाऊ एवढंच म्हणाले, "बाई, ओट्यावर बसून राहा. मी येतो."

पुढची एस.टी. दुपारची आणि लग्न बाराचं. नव्या लुगड्यात ओट्यावर बसून मी त्यांना शिव्या दिल्या, खोटं कशाला सांगू! पोरीच्या लग्नाला मायच नाही, एका कागदापायी!

अडीच तासांनी जीप आली, रिकामी. मी रागातच बसले. अर्ध्या वाटेवर विचारलं, "भाऊ, एवढं अडून काहून बसता?"

ते म्हणाले, "माही पयली गाडी पांढऱ्या पाटीची होती. बाजाराच्या दिवशी चौदा जन कोंबले. पलटली. एक बाई गेली. तिच्या लेकरायले कोनी काही देल्लं नाही. मी तरी कुठून देतो? आता ते पोट्टे मोठे झाले. रस्त्यात भेटले का, 'काका, नमस्कार' म्हनतात. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं."



मांडवात सगळे खोळंबलेले. वंदना हटून बसली होती, "माय आल्याबिगर मी उभी राहत नाही." मला पाहून भाऊजी ओरडले, "आली बा दहावी सवारी!" सगळा मांडव हसला.

जानरावभाऊ आता या जगात नाहीत. त्या दिवशी अपघात झाला नाही, विमा कोणाच्या कामी आला नाही. जास्तीचं भाडं उगाच गेलं, असं भाऊजी अजून ऐकवतात. मी वाद घालत नाही. त्या मांडवात वंदनाच्या बाबांची जागा रिकामी होती, ती भाऊजींना दिसली नसेल, मला दिसत होती. त्या दिवशी लग्न लागायच्या आधी मी मांडवाबाहेर जाऊन म्हटलं, "जानरावभाऊ, पोरीच्या मागं तुम्ही उभे राहा."

ते कावरेबावरे झाले. "गाडी रस्त्यात उभी आहे न, बाई."

"राहू द्या. विमा आहे न तिचा?"

त्यांना मी हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग चपला काढून ते आत आले.