उसनी जीभ

आमच्या नाटक मंडळीत भाऊ चाळीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर वही. मी वाक्य विसरले की इतक्या हळू पुरवायचे की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. टाळ्या माझ्या, घसा कोरडा त्यांचा.

सुट्टीच्या दिवशी भाऊ आणि वहिनी एका व्हिएतनामी खानावळीत नूडल्सचं सूप प्यायला जात. मलाही ओढून नेत. पुढे वहिनी गेल्या. खानावळही बंद झाली. आणि गेल्या वर्षीच्या तापात भाऊंच्या तोंडची चव गेली, वाससुद्धा.

एका दुपारी दारात उभे. "बाई, तुमची जीभ उसनी द्या. तसं सूप कुठे मिळतं का बघू. चव गेली त्याचं एवढं नाही हो, पण आता ती आठवतही नाही. तुमच्या वहिनींचा आवाज आठवतो. सूप नाही."

"जीभच ना? जन्मभर तिच्यावरच तर जगले. चला!"

पहिलं रेस्टॉरंट थाई. नारळाचं दूध, गवती चहा, वर लिंबू.

"कसंय?"

"गोड आहे, पण लाडावलेलं. सासरी टिकायचं नाही."

"नापास," भाऊ हसले.

दुसरं व्हिएतनामी, पण फार चकचकीत. वेटर आमच्यापेक्षा नटलेले. मी घोट घेतला. "चक्रफूल एकटंच ओरडतंय. बाकीची मंडळी मागे गप्प उभी."

"तरुणपणी तुम्ही अशाच होतात."

"भाऊ!"

तिसरं जेमतेम सहा टेबलांचं. वाडगा आला तसं भाऊंनी सवयीनं वाफेवर तोंड धरलं, आणि मागे घेतलं. मी चमचा ओठांना लावला. जवळपासचं होतं, पण ते नव्हतं. समोर भाऊंचे डोळे. मी सगळी कला पणाला लावली.

"हेच! भाऊ, अगदी हेच!"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "खोटं बोलताना तुम्ही शेवटचा शब्द लांबवता, बाई. चाळीस वर्षं ऐकतोय. काय नाही यात?"

माझी मान खाली. "आलं... तिथे आलं आचेवर काळं होईस्तोवर भाजायचे. तो जळका वास नाही."

"अजून?"

"मिरची वेगळ्या बशीत यायची. कांदा जरा जाडच. आणि तो पाला, तुळशीसारखा, तो वहिनी..." मी अडखळले.

भाऊंनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते, विंगेत हलायचे तसे, माझ्या एक शब्द पुढे.

"देठं काढून माझ्या वाडग्यात टाकायची," ते हळूच म्हणाले. "म्हणायची, चावून घ्या, दात आहेत तोवर."

सूप निवत चाललं होतं.

"थांबू नका, बाई," डोळे न उघडता भाऊ म्हणाले. "अजून काय काय नाही?"