दिनकरभावजींची शिक्षा

आमच्या दिनकरभावजींना, म्हणजे दिनकर सबनीसांना, दिल्लीतले मराठी लोक देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे! इथल्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं नोकरी, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार, कुणाला कधी अरे-तुरे नाही. माझे यजमान गेले तेव्हा "वहिनी, आता एकटं राहायचं नाही" म्हणून मला नोएडाच्या फ्लॅटवर घेऊन आले ते हेच. जाऊबाई त्याआधीच गेलेल्या. घरात ते, त्यांची मुलगी केतकी आणि मी. त्यांचंच मीठ खाते आणि त्यांच्याबद्दल हे असं बोलते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

रिटायर झाल्यावर त्यांना वाईट स्वप्नं पडायला लागली. पहाटे दचकून उठायचे, अंगाला दरदरून घाम. दिवसाही धड नव्हते. दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जायचे, कुरियरवाल्याच्या कागदावर सही करायला मला पुढे करायचे. कसलं स्वप्न म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "शिक्षेचं." आणि पेपर तोंडापुढे धरायचे.

केतकीने एक काउन्सलर शोधून काढल्या, लॅपटॉपवर बोलणाऱ्या. आता केतकीचा जन्म दिल्लीतला. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, पण भावजींनी लेकीला घातलं इंग्लिश शाळेत. तिचं मराठी म्हणजे "बाबा, चलो ना, उशीर होतोय यार." बाबांना शेजारी बसवून तिनेच बाईंना सांगितलं, "पापा को शिक्षा के सपने आते हैं."

बाई हिंदीवाल्या. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, परीक्षेची स्वप्नं पुष्कळांना पडतात, वडिलांचं काहीतरी शिकायचं राहून गेलंय. झालं! केतकीने लगेच घरबसल्या एम. ए. ला त्यांचं नाव घातलं. चौसष्टाव्या वर्षी गृहस्थ इतिहासाची पुस्तकं मांडीवर घेऊन बसायला लागले. घाम काही थांबला नाही.

मग बाईंनी चार आकडे मोजत श्वास घ्यायला शिकवलं आणि पडलेलं स्वप्न वहीत लिहून ठेवायला सांगितलं. भावजींनी मराठीत लिहिलं. केतकी वही घेऊन माझ्याकडे आली. "काकू, वाचून सांगा ना. बाबांचं हँडरायटिंग मला बिल्कुल कळत नाही."

मी वाचलं. 'मानस उभा आहे. साहेब विचारतात, शिक्षा कुणाला द्यायची? मी बोट दाखवतो. नंतर बोट खाली घ्यायला बघतो, ते खाली येत नाही.' सगळ्या पानांवर थोड्याफार फरकाने हेच. केतकीला म्हटलं, नंतर सांगते, आणि ती ऑफिसला गेल्यावर वही घेऊन बाल्कनीत गेले.

"भावजी, तुमची शिक्षा म्हणजे सजा ना? त्या बाई भलतंच समजल्या, तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "पस्तीस वर्षं हिंदीत टिपणं लिहिली मी, वहिनी. केतकी चुकली ते तेव्हाच कळलं होतं. पण बरं वाटलं. म्हटलं, असू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर बिचारी बापाच्या काळजीने वाळत चालली होती, आणि हे तिच्या चुकीमागे लपून बसले होते!

मग बोलले एकदाचे. मानस त्यांच्या हाताखालचा कारकून. चौदा वर्षांपूर्वी एक महत्त्वाची फाईल गहाळ झाली. फाईल मोठे साहेब घरी घेऊन गेले होते, भावजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चौकशीत त्यांनी लिहून दिलं, फाईल शेवटी मानसकडे होती. मानसची नोकरी गेली. भावजींना बढती मिळाली.

"उठा," मी म्हटलं. "त्याला जाऊन खरं सांगा. त्याशिवाय तुम्हाला झोप यायची नाही, आणि येऊही नये."

रविवारी दुपारी आम्ही मेट्रो बदलत शाहदऱ्याला गेलो. वाटेत भावजी हिंदीत दोन वाक्यं पुटपुटत होते. फाईल साहेबांकडे होती. मला ते माहीत होतं. एवढंच तर बोलायचं होतं.

दार उघडलं मानसनेच. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल, दिसत होता माझ्याएवढा. "सर! आप?" म्हणत त्याने खुर्ची पुसली. त्याची बायको अलकनंदा हिने लाडू आणले, चहा टाकला. मी भावजींकडे बघत होते. बोला, आता तरी बोला!

भावजींनी घसा खाकरला. "मानस, वो फ़ाइल..."

"सर, उसकी बात मत कीजिए," मानस घाईघाईने म्हणाला. "आपसे मुझे कोई शिकायत नहीं. पहले बहुत थी. फिर सोचा, सबनीस सर झूठ लिखने वाले आदमी नहीं हैं. मुझसे ही कहीं रखी गई होगी. आज भी सपने में ढूँढता हूँ."

"रोज़ ढूँढते हैं," अलकनंदा म्हणाली. "उठकर अलमारियाँ खोलने लगते हैं."

एका वाक्याचं काम होतं, हो! एका वाक्याने त्या माणसाला चौदा वर्षांची झोप परत मिळाली असती. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्यांच्या घरात राहते, ज्यांनी आधार दिला, त्यांना परक्यासमोर उघडं कसं पाडू? वर्गात पोरांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं करणारी मी, गुमान लाडू खात बसले. लाज वाटते सांगायला.

भावजी खुर्ची पुढे ओढून मानसजवळ सरकले. त्याच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "घबराहट हो तो चार गिनते हुए साँस लो, फिर धीरे-धीरे छोड़ो. और मैं एक मैडम का नंबर देता हूँ. सपनों के लिए बहुत अच्छी हैं."

मानसने नंबर लिहून घेतला, त्याचे डोळे भरून आले होते. निघताना तो भावजींच्या पाया पडायला वाकला, आणि भावजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.