सासूबाईंच्या खोळी

आमच्या मुलुंडच्या घरात काही उघडं दिसलं की कुंदाताईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चैन पडत नाही. मिक्सरला खोळ, फ्रिजच्या हँडलला खोळ, रिमोटला प्लास्टिक. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सासूबाईंनी विणलेली कानटोपी, तीही भर मे महिन्यात.

मागच्या आठवड्यात माझा गेमिंगचा कॉम्प्युटर खेळता खेळता अचानक बंद पडायला लागला. मी प्लग बदलला, वायरी तपासल्या, नवऱ्यावर उगाच ओरडले. शेवटी टेबल पुढे ओढलं. कॉम्प्युटरच्या मागच्या पंख्यावर फुलाफुलांची खोळ, नाडीने घट्ट बांधलेली.

"आई, ही कोणी घातली?"

"मी. धूळ जात होती आत."

"अहो, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. ती कोंडली की हा तापतो आणि बंद पडतो."

"मग तापलोय हे सांगायचं ना त्याने. गप्प कशाला बसायचं?" सासूबाईंनी वैतागून नाडी सोडली.

मी गेम लावला. तासभर झकास चालला.

बाहेर सोफ्यावर अण्णा सगळं ऐकत होते. त्यांनी कानटोपी काढली आणि पंखा पाचवर केला.