शुक्रवारी अर्धी राहिलेली गोष्ट

शिरोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णासो कट्ट्यावर बसला की पोरं गोळा होतात आणि पोरांच्या आया वैतागतात. कारण त्याच्या गोष्टीत माणसं मरतात, आणि साधीसुधी मरत नाहीत. एक बाई दमून आलेल्या सेनापतीला दूध पाजते, अंगावर पांघरूण घालते आणि झोपला की तंबूची मेख कानशिलात ठोकते, पार जमिनीत घुसेपर्यंत. एका राजाची पोरं त्याच्यासमोर कापतात आणि लगेच त्याचे डोळे काढतात, म्हणजे शेवटचं बघितलेलं तेच राहावं. सगळं इस्राएल लोकांच्या जुन्या इतिहासातलं. अण्णासो धर्मानं बौद्ध, शाळा सहावी, धंद्यानं फौंड्रीतला मोल्डर. त्याच्याकडं हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथंच होतो.

अण्णासोचा एकच नियम. गोष्ट सुरू झाली की पुरी ऐकून जायचं. घरात भाजी करपू दे, नळाला आलेलं पाणी जाऊ दे, अर्ध्यातून उठायचं नाही. त्याची बायको आक्काताई म्हणते, "ह्यांच्या नादी लागू नकासा. एकदा अर्ध्या गोष्टीनं घर बुडालंय आमचं." ती मस्करीनं म्हणते, पण खोटं नाही.

एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आम्ही कामाला होतो, दोन हजार दहाच्या सुमाराची गोष्ट. मी वाळू मिसळायच्या मशीनवर. अण्णासो मोल्डर, म्हणजे लाकडी नमुना लोखंडी पेटीत ठेवायचा, भोवती काळी वाळू धुम्मसानं ठोकून बसवायची, नमुना अलगद काढायचा आणि त्या पोकळीत तापलेलं लोखंड ओतायचं. ते लाकडी नमुने करायचा एलोजी झिराडकर. आम्ही त्याला मामा म्हणायचो.

मामा अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. त्यांच्यातली जुनी माणसं सांगत, आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मामाचा घाणा गेला, शनिवार राहिला. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत आंघोळ, स्वयंपाक उरकलेला, चूल विझवलेली. शनिवारी हत्याराला हात नाही. मालकानं हे मान्य करून त्याला ठेवलेलं, कारण तसा नमुना कोल्हापुरात दुसरा कोण करत नव्हता.

अण्णासो त्याला डिवचायचा. "मामा, तुमचा देव बी सहाच दिवस कामाला हुता म्हणं. कंत्राटी हुता का कायम?"

मामा लाकूड तासत म्हणायचा, "कायम. म्हणून तर सुट्टी मिळाली."

चहाच्या सुट्टीत मामा गोष्टी सांगायचा. त्यांच्या मूळपुरुषापासून, आब्राहामापासून धरलं होतं. बाप पोराला बांधून सुरी उचलतो तिथं सगळ्यांचा चहा गार झाला. सख्ख्या भावांनी योसेफाला विहिरीत टाकला आणि वर बसून भाकरी खाल्ली, तेव्हा अण्णासो म्हणाला, "हे आमच्या भावकीत बी झालंय, निस्ती विहीर न्हवती." मग ते लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तात गेले, वाढले, गुलाम झाले. राजानं त्यांना विटा थापायला लावल्या. पोरगा जन्मला की नदीत फेका असा हुकूम काढला. विटा म्हटल्यावर अण्णासोची तंबाखू तोंडात तशीच राहिली. त्याचा बाप वीटभट्टीवर पाठ भाजून मेला होता.

आमच्याही शेडमध्ये एक मिसरी होता. उदयसिंह, ठेकेदाराचा मुकादम. हातात कायम हातभर लोखंडी सळी, बोलायच्या आधी ती चालायची. त्या गुरुवारी शाहूवाडीकडच्या आकारामची पेटी गळली, लाल लोखंड फरशीवरून वाहत गेलं. उदयसिंहनं आकारामचा हात बाकावर दाबून धरला आणि सळीनं दोन बोटं मोडली. आवाज मशीनच्या गडगडाटातही आला. आम्ही वीस माणसं होतो. मी मशीनमधली वाळू बघत राहिलो. चांगली मिसळत होती.

शुक्रवारी चारच्या चहाला मामा सांगत होता. मोशे नावाचा त्यांचाच एक पोरगा राजाच्या घरात वाढलेला. एक दिवस तो बाहेर पडला आणि बघितलं, तर मिसरी मुकादम इस्राएलच्या एका माणसाला झोडपतोय. मामानं पटाशी खाली ठेवली. "मोशेनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोणी नाही. त्यानं त्या मिसऱ्याला ठार मारला आणि वाळूत पुरला."

एवढं बोलून मामानं उन्हाकडं बघितलं आणि पटाश्या पेटीत भरायला लागला.

"मग?" अण्णासो म्हणाला.

"मग रविवारी."

"मामा, एवढं एक सांगा की. घावला का न्हाई त्यो?"

"दिवस बुडायच्या आत चूल विझवायची आहे, बाबा. गोष्ट कुठं पळून जाते? रविवारी."

मामा गेला. अण्णासो मात्र धुम्मस हातात घेऊन तिथंच उभा. ठोकायची पेटी समोर, चारी बाजूंना काळ्या वाळूचे ढीग.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर झाडाखाली. अण्णासो विसरलेला चुना आणायला आत गेला. आत उदयसिंहनं आकारामला केसांनी धरून नुकत्याच ओतलेल्या पेटीवर वाकवला होता, तोंड लोखंडापासून वीतभर. भुवया जळल्याचा वास येत होता. अण्णासोनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भिंतीला टेकवलेलं धुम्मस उचललं आणि उदयसिंहच्या उजव्या कानावर घातलं. उदयसिंह गुडघ्यावर आला. दुसरा घाव जबड्यावर. दात फरशीवर उडाले. तिसऱ्याला तो आडवा झाला आणि हलेना. आकाराम ओरडत मागच्या दारानं पळाला.

मी आत आलो तेव्हा अण्णासो फावड्यानं वाळू ओढत होता. तोंड बघवेना म्हणून त्यानं एक रिकामी पेटी त्या तोंडावर पालथी घातली होती, वर फळी, आणि त्यावर ढीग. फक्त बूट दिसत होते.

मला बघून तो म्हणाला, "पुरला. आता पुढं काय करायचं असतंय?"

मी म्हणालो, "मला काय ठावं? गोष्ट तिथंच थांबली की."

अण्णासोनं फावडं टाकलं आणि पळत सुटला. मी मागं. मामाची खोली फौंड्रीच्या मागच्याच बोळात. मामा पांढरा सदरा घालून खाटेवर बसला होता, समोर झाकलेलं गार जेवण. अण्णासो दारात धापा टाकत म्हणाला, "मामा, त्या मोशेचं पुढं काय झालं?"

"आज?"

"आजच. मी बी पुरलाय."

मामाला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं अण्णासोच्या हाताकडं बघितलं. कोपरापर्यंत काळी वाळू आणि त्यात लाल.

"श्वास बघितलास?"

"न्हाई."

"का नाही?"

"मोशेनं कुठं बघितला? तुम्ही सांगितलंच न्हाई."

"अरे, तो मेला होता. गोष्टीतला मेला होता. तुझा मेला का?"

मामा उठला. साठीचा माणूस, अनवाणी धावला. शेडमध्ये शिरला आणि सरळ फावडं उचललं. मी चार वर्षांत शनिवारी त्याला सुपारीचा अडकित्ता उचलतानाही बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, आज शनवार." तो खणता खणता म्हणाला, "जीव जात असेल तर शनिवार बाजूला होतो. आमच्यात तसाच नियम आहे. तू पाय ओढ."

फळी काढली, पेटी उचलली. खाली रक्ताचा चिखल झालेला आणि त्यात एक बुडबुडा वर आला, फुटला, परत आला. पेटीच्या पोकळीतल्या हवेवर उदयसिंह तग धरून होता. मामानं बोटं घालून त्याच्या घशातली वाळू काढली, दातांचे तुकडे काढले. गाडी आली, त्याला नेला. जबडा तारांनी बांधला. उजव्या कानानं त्याला परत कधी ऐकू आलं नाही.

पोलीस यायच्या आधी मामा वाळूच्या ढिगावर बसला. म्हणाला, "आता बाकीचं ऐक. दुसऱ्या दिवशी मोशेला त्याच्याच लोकांतले दोघं भांडताना दिसले. सोडवायला गेला, तर एक म्हणाला, आमच्यावर तुला कोणी नेमला? त्या मिसऱ्याला मारलास तसं मलाही मारतोस का? म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. राजानं माणसं सोडली. मोशे पळाला, परक्या मुलखात मेंढरं राखत म्हातारा व्हायला आला."

अण्णासो म्हणाला, "हे काल सांगितलं असतं तर मी निस्तं त्याचं मनगाट धरलं असतं."

तो पळाला नाही. दुसऱ्या दिवशी चौकीत आकाराम जबाब द्यायला आला, भुवया नाहीत, बोटांना पट्टी. नोकरी गेली होती त्याची. तो अण्णासोकडं बोट करून म्हणाला, "साहेब, मी ह्याला बोलवलं न्हवतं. ह्याला आमचा कारभारी कुणी केला?"

अण्णासो हसायलाच लागला. हवालदाराला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. मी भिंतीकडं तोंड फिरवलं, कारण मलाही हसू फुटत होतं.

उदयसिंह मेला असता तर जन्मठेप होती. जगला म्हणून चार वर्षं. आक्काताई आजऱ्याला बहिणीकडं राहून काजू फोडायला लागली, तेलानं हाताची सालं निघाली. मामा दर महिन्याला तुरुंगात भेटायला जायचा, शुक्रवार-शनिवार सोडून. भेट वीस मिनिटांची. वीस मिनिटांत एक गोष्ट पुरी व्हायचीच. मोशेच्या मागं लागून समुद्रात बुडालेली मिसरची घोडदळं, सोन्याच्या वासरापायी एका दिवसात कापलेली तीन हजार माणसं, पडलेल्या भिंती, बाबेलच्या राजानं जाळलेलं मंदिर. गोष्टीत माणूस मारून मामा परत कधी थांबला नाही. पुढं काय झालं ते सांगूनच उठायचा. अण्णासो सुटायच्या आधी दोन महिने मामा गेला. गोष्टी संपवून गेला.

उदयसिंहचं आता हायवेला टायरचं दुकान आहे. अण्णासो समोरून गेला तर तो चांगला कान वळवून पावलं ऐकतो, मान उचलत नाही. अण्णासोही थांबत नाही.

अण्णासोची नात दीक्षा कॉलेजात इतिहास शिकते. परवाच्या शुक्रवारी ती बॅग घेऊन निघाली होती, जाता जाता म्हणाली, "आजोबा, खोदकाम करणारे म्हणत्यात, मिसरमधनं तसं कोण पळाल्याचा पुरावाच घावत नाही. ते लोक तिथल्याच डोंगरातले असावेत. दगडाच्या ताली, बांध घालून शेती करणारे. आणि मामांच्या लोकांगत डुक्कर न खाणारे, त्यांच्या गावात त्याची हाडंच सापडत नाहीत."

"ताली? म्हंजे शाहूवाडीगत." अण्णासो खूश झाला.

"आणि त्यांचं सगळ्यात जुनं नाव कुठं सापडलं म्हाईत हाय? मिसरच्या राजाच्याच दगडावर. बत्तीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात लिवलंय, इस्राएल उद्ध्वस्त केला, त्याचं बियाणं उरलं नाही."

अण्णासो मांडी थोपटून हसला. "पुरला असं वाटलं म्हणायचं त्या राजाला बी. श्वास बघितला न्हाई."

"मोशेनं तो मिसरी वाळूत पुरला तसंच की," असं म्हणून ती बॅग खांद्याला लावून निघाली.

अण्णासोनं बॅगेचा पट्टा धरला. "बस. त्याच्या पुढचं ऐकून जा."

"आजोबा, म्हाईत हाय मला. बस चुकंल."

"म्हाईत असू दे. शुक्रवार हाय. अर्ध्यावर न्हाई सोडायचं."

तो तिच्यासोबत थांब्यापर्यंत चालत सांगत गेला, मी मागोमाग. मोशे मेंढरांपाशी पोचला तेव्हा बस समोरून निघून गेली. दीक्षानं कपाळाला हात लावला. अण्णासोनं खिशातून चुना काढला आणि म्हणाला, "दुसरी साडेपाचला हाय. तवर समुद्रापातूर हुतंय."