लुगड्याखालचा पाचवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

या मासिकात मी यापूर्वी दोनदा लिहिलंय. एकदा प्रवासात दशम्या मऊ राहाव्यात म्हणून काय करावं ते, आणि एकदा मुलं घेऊन सहलीला निघताना पिशव्या कशा भराव्यात त्यावर. दुसरा मजकूर छापून आला तेव्हा शेजारणींनी कौतुक केलं. मी मात्र तो अंक ट्रंकेत तळाशी घालून ठेवला. त्यात मी आमची एक सहल गाळली होती.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. तसं सगळेच म्हणतात... पण आमच्या घरात त्याला कारण होतं. धर्म बदलला तेव्हा सासऱ्यांनी देवांचे टाक टोपलीत घालून सावित्री नदीत सोडले. अंगारे, उतारे, कोंबडं — सगळं बंद. सासूबाईंनीही सगळं सोडलं, एका गोष्टीखेरीज. पोरं मोजू द्यायची नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणातली मुलं बोट दाखवून मोजायला लागले, तर त्यांनी माझा हातच धरला. "मोजायची नाय गो पोरं. कुणीतरी आयकत असतं."

मला हसू आलं होतं. पण सासूचा शब्द, म्हणून मी माझी युक्ती काढली. मुलं गोळा करायची असली की खाऊ वाटायचा. जितकी मुलं तितकेच लाडू डब्यात ठेवायचे. डबा रिकामा झाला की सगळी आली. मोजलंही नाही आणि मोजलंही. ही युक्ती मी त्या मजकुरात लिहिली नाही.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आम्ही महाडला, हे कचेरीत क्लार्क. धाकटे दीर पोलादपूरला मास्तर. मार्चमध्ये तळ्यावरच्या मेळाव्याला पाहुणे आले की आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसे. त्या वर्षी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना कुठेतरी नेऊ, असं मीच काढलं. घरी असणाऱ्या बाईला सहल म्हणजे काय, तर आपलं स्वयंपाकघर उचलून दुसरीकडे मांडायचं. तरी मला ती हवी असायची. एक दिवस तरी तीच चूल डोळ्यांसमोर नको.

सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं ठरलं. दासगावपर्यंत एस.टी., पुढे होडीनं खाडीचं पाणी ओलांडायचं. हे, दीर, त्यांची बायको शालिनी आणि तिचं तान्हं बाळ, आणि पाच मुलं — माझे विजय आणि लता, नणंदेचे मुंबईचे दोन मुलगे, आणि शालिनीची पुष्पा. पुष्पा सहा वर्षांची. दोन्ही हातांत हिरव्या प्लॅस्टिकच्या बांगड्या. आदल्या दिवशीच मेळाव्यात घेतलेल्या. झोपतानासुद्धा काढल्या नव्हत्या.

सकाळ छान गेली. मुंबईचा मोठा म्हणाला, "मामी, इथेच राहायला या. बंब नको, रॉकेल नको, मामांचा पगार वाचेल." हे म्हणाले, "तिला पाणी फुकट मिळालं तर ती दिवसभर कपडे धुवेल." हसलो सगळे. कुंडाच्या एका कोपऱ्यात, झऱ्याच्या तोंडाशी, पाणी कढत येतं. तिथे कुणी जायचं नाही, असं मी मुलांना दोनदा बजावलं. जेवणं झाली. शालिनी बाळाला पाजायला झाडाआड बसली होती, तिला मी म्हटलं, "तू निवांत पाज. पोरांकडे मी बघते."

हे मीच म्हटलं होतं.

दुपार कलायच्या आत होडीवाला ओरडायला लागला. "चला बाय, पानी उतराया लागलंय. होडी चिखलात बसली की मंग मला बोलायचं नाय." मग एकच घाई. ओले कपडे पिळले, डबे भरले. हे काठावरून, "अगं, आवर. तुझे डबे या जन्मात आवरून व्हायचे नाहीत."

होडीत ऊन मी म्हणत होतं. सासूबाईंचं जुनं लुगडं मी अंथरायला आणलं होतं, ते मुलांच्या डोक्यावर टाकलं. मुलं एका फळीवर ओळीनं बसली आणि त्याचा तंबू केला. लुगड्याचं एक टोक होडीच्या कडेवरून बाहेर लोंबत होतं. हे आणि दीर पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. मी आणि शालिनी मुलांसमोर.

होडी सुटली आणि मी डबा उघडला. शेंगदाण्या-गुळाचे पाच लाडू. "हात बाहेर काढा," म्हटलं. लुगड्याखालून एकेक हात येत गेला. विजय. मुंबईचे दोघे. मग लताचा, तिच्या नखांवरची मेंदी मी ओळखली. आणि मग अगदी कडेचा.

तो हात ओला होता. बाकीच्यांचे हात उन्हानं केव्हाच सुकले होते. बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी. मी लाडू ठेवला तेव्हा माझी बोटं त्याला लागली. कढत होता. ताप आला की काय पोरीला, असं मनात आलं, घरी कुठली गोळी आहे तेही आठवून झालं. आणि त्याच वेळी दिसलं... मनगटात बांगडी नव्हती.

मला दिसलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की नंतर आठवलं. नाही. तेव्हाच दिसलं.

त्या हातानं लाडू घेतला आणि माझं बोट धरलं. लहान मूल धरतं तसंच. फक्त सोडलं नाही. मी ओढलं तेव्हा सुटलं, आणि हात लुगड्याखाली गेला.

शालिनी म्हणाली, "ताई, पुष्पा आहे ना आत? आवाज नाही तिचा."

"आहे. आत्ताच लाडू घेतला तिनं."

ती बाळाला सावरत उठायला लागली. "बघते जरा."

"बस खाली. होडी हलते."

मला ते लुगडं कुणी उचलायला नको होतं. का, ते तेव्हाही कळलं नाही. डबा रिकामा होता. म्हणजे सगळी होती. मी ते झाकण घट्ट लावून बसले.

दासगावच्या काठाला होडी लागली. मुलं लुगडं फेकून पटापट उतरली. विजय, दोघे मुंबईचे, लता. फळी रिकामी झाली.

"पुष्पा कुठाय?" शालिनीनं विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. विजय म्हणाला, "ती तुमच्याजवळ होती ना?"

मी लताचा दंड धरला. "तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"मुंबईचा दादा."

"दुसऱ्या बाजूला?"

"दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं, आई. मीच कडेला होते. तिकडे पाणी होतं."

शालिनी किंचाळली नाही. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि चिखलात उतरली. दिरांनी तिला मागे खेचलं. ते आणि होडीवाला परत फिरले. पाणी उतरत होतं, होडी मध्ये दोनदा रुतली. आम्हाला काठावरून ते दोघं उतरून ढकलताना दिसत होते. हे मुलांना घेऊन रस्त्यावर गेले. शालिनी पाण्याकडे बघत उभी, आणि मी तिच्यामागे, तिचं बाळ घेऊन. माझं ते बोट अजून गरम होतं. मी ते पदरात गुंडाळून धरलं होतं.

पुष्पाला आणलं तेव्हा सूर्य टेकला होता. जिवंत होती. कुंडाच्या त्याच कोपऱ्यात, झऱ्याच्या तोंडाशी, कढत पाण्यात पाय सोडून बसली होती. घोट्यापर्यंत पाय भाजून फोड आले होते, आणि दीर म्हणाले, रडत नव्हती. उचललं तेव्हा रडायला लागली. बांगड्या हातात होत्या.

"अशी बसलीस कशाला तिथे?" त्यांनी विचारलं.

"मोठी आई म्हणाली, इथे पाय सोडून बस. मी येते."

मोठी आई म्हणजे मी.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मी कशाला सांगेन? पोर तापानं बरळतेय." आवाज माझाच होता आणि अगदी नेहमीसारखा होता.

मग दीर शालिनीकडे वळले. "तू आई आहेस की कोण? स्वतःची पोर विसरून होडीत बसलीस?" शालिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता — पुष्पा तिकडे होती, तर लाडू कुणाला दिलास? त्याचं उत्तर द्यायची मला भीती वाटली. मी बाळाला थोपटत राहिले. तिनं मान खाली घातली, आणि ताईंनी बस म्हणून सांगितलं होतं, हे ती तेव्हाही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही.

पुष्पाचे पाय बरे व्हायला पावसाळा उजाडला. कातडी पुन्हा धड आलीच नाही. घरात मात्र कायमचं ठरून गेलं: शालिनी पोर विसरली, आणि पुष्पा लहानपणी खोटं बोलायची.

मी खूप विचार केलाय. मुंबईच्या एखाद्या पोरानं दोनदा हात काढला असेल? मोठा झाल्यावर त्याला हसत हसत विचारलं. म्हणाला, "मामी, एकच मिळाला होता, अजून आठवतंय." आणि तो असता तरी हात ओला कसा, कढत कसा? लताच्या पलीकडून, होडीच्या बाहेरच्या बाजूनं कसा? उन्हानं मला भास झाला म्हणावं, तर पाचवा लाडू गेला कुठे? होडीत मी शोधला, कुठेच नव्हता. आणि तिकडे पुष्पाला माझ्या आवाजात कोण बोललं... तिथे माझा विचार थांबतो. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत मी मुलं चेहरे बघून, मोठ्यानं आकडे म्हणत मोजली. सासूबाई रागावल्या तरी. वाचणाऱ्या आयांनाही माझं तेवढंच सांगणं आहे, चेहरे बघा.

गेल्या महिन्यात पुष्पाला बघायला पाहुणे पोलादपूरला आले होते. मुलाच्या आत्यानं तिच्या पायांकडे बघून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लहानपनी भाजली. आयचं ध्यान नव्हतं, काय करायचं." शालिनी पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. ती म्हणाली, "हो. माझंच चुकलं." मी तिथेच बसले होते. तिनं दिलेली बशी मी हातात घेतली.

त्या दिवशी होडीत काय होतं, मला माहीत नाही. ते कधी कळेल असंही वाटत नाही. पण शालिनी उठून बघणार होती आणि तिला मी बसवलं, हे मला माहीत आहे. पुष्पा खोटं बोलली नाही, हेही माहीत आहे. पोलादपूरला जाऊन, दीर, सासूबाई आणि पुष्पा समोर असताना, हे मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.