आयुधपूजा आणि गाडीतला रेडिओ

मी कॉलेजात वीज हा विषय शिकवीत असे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको.

लढाईचे दिवस होते. तंजावुरात आमच्या गल्लीत रेडिओ दोनच. एक शेजारच्या गोपाळराव वकिलांच्या घरात आणि दुसरा आमच्या मोटारीत! (हो, मोटारीत. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी गाडी मी घेतली, तिच्यात तो आयताच बसवलेला होता.) पेट्रोल कुपनावर मिळायचं, म्हणून गाडी बहुतेक दारातच उभी असे. संध्याकाळी आम्ही सगळे नीट कपडे करून तिच्यात बसत असू, बातम्या ऐकत असू आणि कुठेही न जाता उतरत असू.

त्या नवरात्रात तिरुच्चीहून धाकट्या बहिणीचं पत्र आलं. तुळसा रेडिओवर गाणार होती! आयुधपूजेच्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहा ते सहा. शेवटी म्हणणार होती आईनंच लहानपणी शिकवलेलं मराठी पद. आईनं ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतलं आणि डोळे पुसले. "दोन वर्षं झाली रे लेकीचा गळा ऐकून," एवढंच म्हणाली.

गोपाळराव मुद्दाम येऊन सांगून गेले, "आमचे घरीच या सगळे. मोठा रेडिओ हाय, ऐसपैस बसून ऐकू."

"छे छे!" मी म्हणालो. "आमची तुळसा गाणार नि आम्ही शेजारी जाऊन ऐकायचं? गाडीत रेडिओ आहे. आणि बिघडलाच तर मी आहे ना!"

हे शेवटचं वाक्य मला कुणी विचारलेलं नव्हतं.

आयुधपूजेला आमच्याकडे पोटापाण्याची सगळी हत्यारं सरस्वतीपुढे मांडतात. दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. माझे पाने, पकड, स्क्रू-ड्रायव्हर, तारा तपासायचा दिवा, इतकंच काय, विजेचं पाठ्यपुस्तकसुद्धा सकाळीच कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे जाऊन बसलं. गाडी काही तिथे मावेना, तेव्हा तिची पूजा दारातच. इतर लोक बॉनेटवर गंधाचे तीन ठिपके देऊन मोकळे होतात. मी पडलो विजेचा प्रोफेसर! मी दिव्यांना गंध लावलं, हॉर्नला लावलं, बॅटरीला लावलं. मग वाटलं, आज आपली तुळसा ज्यातून गाणार त्या रेडिओला विसरून कसं चालेल? खाली वाकून त्याचा काचेचा इवलासा फ्यूज काढला, त्याच्या दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांना दाट गंध फासलं, वर कुंकू लावलं आणि नमस्कार करून परत बसवला. (वीज शेवटी तिथूनच जायची, तेव्हा मान त्याचाच!)

साडेपाचला आई नवं रेशमी लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. मागे माझी बायको नैवेद्याच्या सुंडलचं, हरभऱ्याच्या उसळीचं, भांडं मांडीवर घेऊन. गाडीभोवती गल्लीतली निम्मी माणसं. मी ऐटीत बटण फिरवलं.

काही नाही. खरखर नाही, गुणगुण नाही, आतला दिवासुद्धा नाही.

"थंडी आहे, तापायला वेळ लागतो," मी म्हणालो. घाम पुसत म्हणालो.

पाच मिनिटं गेली. मी गाडीचे दिवे लावून पाहिले, लागले. हॉर्न वाजवून पाहिला, वाजला. मग वर्गात सांगतो तशा आवाजात जाहीर केलं, "दोष एरियलमध्ये आहे!" आणि बायकोला कपडे वाळत घालायची काठी घेऊन एरियलची तार उंच धरायला उभं केलं.

"अहो," ती काठी धरूनच म्हणाली, "एरियल गेलं तर गाणं येणार नाही. पण दिवा कां लागत नाही?"

इतका अवघड प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता.

"फ्यूज पाहिलात कां?"

"फ्यूजची मी सकाळी स्वतः पूजा केली आहे!" मी चिडून म्हणालो.

(दोष कुठे होता ते तुम्हाला कळलंच असेल. वाळलेल्या गंधातून वीज जात नाही. मला हे कळायला दुसरा दिवस उजाडला.)

पावणेसहा वाजले. तिकडे तुळसाचं गाणं सुरू झालं असणार. हत्यारं देवापुढे, म्हणून मी बायकोच्या केसांतला आकडा मागून घेतला आणि डोकं खाली, पाय दाराबाहेर अशा अवस्थेत समोरच्या पत्र्यामागे शिरलो. एक तार दिसली. ती सैल आहे की काय बघावं म्हणून आकड्यानं जरा टोचली.

आणि हॉर्न वाजू लागला!

वाजू लागला तो थांबेचना. दचकल्यानं आकडा हातातून सुटून आत कुठेतरी अडकला होता. गल्लीतली उरलेली निम्मी माणसंही धावत आली. कुत्री भुंकू लागली. गोपाळराव पंचा सावरत आले आणि माझ्या कानाशी ओरडले, "अहो, आमचे घरी पण काय ऐकू येत नाही! बंद करा हे!"

"काय करूलास रे आत?" आई वरून ओरडली.

"दुरुस्ती!" मी खालून ओरडलो.

"आई, तुमी तरी आमचे घरी चला," गोपाळराव विनवू लागले.

"कशाला? माजा व्यंकटा विजेचाच मास्तर हाय. करील तो."

हे ऐकून मला पत्र्यामागेच कायमचं राहावंसं वाटलं. म्हातारी माझ्यावर विश्वास टाकून बसली होती आणि मी तिच्या लेकीच्या गाण्यावर भोंगा वाजवीत होतो. आता उपाय एकच, बॅटरीची तार सोडवायची. पण त्याला पाना हवा, आणि पाना सरस्वतीपुढे!

मी तोंड बाहेर काढून आईकडे पाहिलं. "पाना" हा शब्द उच्चारायची छाती होत नव्हती. ती मात्र आपण होऊन उतरली, आत गेली आणि क्षणभरात हळद-कुंकू माखलेला पाना पदरात घेऊन आली. जन्मभरात तिनं त्या दिवशी पूजेतली सुईसुद्धा उचलली नव्हती.

"तिची क्षमा मागून आणलं," ती माझ्या कानात म्हणाली. "तुळसाची विद्या पण तिचीच की. लौकर कर."

मी गाडीतली पायाखालची फळी उचलली, तिच्याखालच्या बॅटरीची तार सोडवली आणि ओढून काढली. हॉर्न बंद पडला. गल्ली एकदम शांत झाली.

आणि त्या शांततेत तुळसाचा आवाज आला! तेच पद. आई चट्कन गाडीत बसली, रेडिओच्या बटणावर हात ठेवला आणि डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी मान वळवून पाहिलं, तर गोपाळराव घरी पोचले होते. त्यांनी रेडिओ खिडकीत आणून ठेवला होता आणि आवाज होता नव्हता तेवढा सगळा सोडला होता.

पद संपलं. आईनं डोळे उघडले. माझ्या हातातली सुटी तार पाहिली, मग रेडिओ पाहिला, आणि कौतुकानं विचारलं, "तार तर तुजे हातांत हाय. मग करंट कुठून आलं रे ह्यास?"

"शेजारून," मी म्हणालो. विजेविषयी त्या दिवशी मी दिलेलं ते एकमेव बरोबर उत्तर.